यादीतून गळलेला चंद्र

४ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र परवा पोचलं. पाकिटावर तू ‘तज्ज्ञ मावशी, मोजणी विभाग’ असं लिहिलं होतंस, त्यामुळे टपाल वाटणाऱ्या काकांनी ते आधी अख्ख्या मजल्यावर फिरवलं आणि मग माझ्या टेबलावर ठेवलं. तेव्हापासून मला कुणी नावाने हाक मारत नाही. ‘तज्ज्ञ, चहा घेणार का?’ असं चाललंय.

बाईंनी ‘एखाद्या तज्ज्ञाला पत्र लिहा’ म्हणून सांगितलं आणि तुला घरातलीच मावशी सापडली, हा शुद्ध आळस आहे. पण असू दे. मी बरी आहे. आईचा खोकला गेला का, ते तू कळव. ती स्वतः सांगणार नाही.

तुझा विषय: ‘पृथ्वीच्या चंद्राला स्वतःचं नाव असावं का?’ तुझ्या वाट्याला ‘असावं’ ही बाजू आली आहे. मुद्दे देते, भाषण तू लिही.

गुरू आणि शनी यांच्याभोवती मिळून कितीतरी चंद्र फिरतात. नवा सापडला की त्याला आधी नुसता क्रमांक मिळतो, पुढे रीतसर नाव. त्यातले काही जेमतेम दोन-तीन किलोमीटरचे दगड आहेत, तरी त्यांचं बारसं होऊ शकतं. आपल्याच्या वाट्याला मात्र ‘चंद्र’ हाच शब्द. तो आधी त्याचा एकट्याचाच होता. सुमारे चारशे वर्षांपूर्वी दुर्बिणीतून गुरूजवळ चार ठिपके दिसले, मग आणखी कुणाकुणाजवळ दिसले, आणि लोक त्यांनाही चंद्र म्हणायला लागले. म्हणजे त्याचं नाव कुणी हिसकावून घेतलं नाही. ते वाटलं गेलं. एवढ्या जणांत वाटल्यावर त्याच्याकडे वेगळं काही उरलं नाही. हे वाक्य हवं तर घे.

माझं स्वतःचं मत विचारशील तर नको. नाव ही वेगळं ओळखण्याची सोय आहे. ‘चंद्र उगवला’ म्हटल्यावर ‘कुठला, शनीचा का?’ असं कुणी विचारत नाही. तू स्वयंपाकघराकडे तोंड करून ‘आई’ म्हणून ओरडतेस तेव्हा जगातल्या सगळ्या आया धावत येत नाहीत. समोरची बाजू हेच बोलणार, तेव्हा उत्तर तयार ठेव.

पत्राच्या शेवटी तू वेगळ्या पेनाने विचारलं आहेस, ‘त्या दिवशी खाणीवरचा भोंगा वाजला होता का? वर्गात म्हणतात की वाजला होता आणि बाबा पंपघरात झोपले होते.’

दरड कशी आली आणि बाबा वेळेत वर का येऊ शकले नाहीत, याची चौकशी समिती करते आहे. अहवाल महिनाअखेर येईल. तोवर त्यावर बोलणं मला नियमात बसत नाही. वर्गातल्या मुलांना काय माहीत असणार? त्यांच्या नादी लागू नकोस.

अक्षर सुधारलं आहे. ओळी मात्र अजून उजवीकडे चढतात. खाली रेघांचा कागद ठेवत जा.

तुझी,
मावशी


१३ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. माझं पत्र मिळालं त्याच दिवशी उत्तर! टपालखातं तुझ्या जिवावर चालणार असं दिसतंय.

तुझा मुद्दा वाचला. ‘बाईंनी हजेरीपटावर सगळ्या मुलींपुढे नुसतं मुलगी असं लिहिलं, तर आज कोण आलं नाही हे त्यांना कसं कळणार?’ आईच्या हाकेचं माझं उदाहरण यापुढे टिकत नाही, कारण हाक माणूस ऐकतो आणि समजून घेतो. यादी समजून घेत नाही. यादीत जे जसं लिहिलं असेल, तसंच ते असतं. हा मुद्दा भाषणात पहिला घे, शेवटी ठेवू नकोस. शेवटी शेवटी लोक घड्याळ बघतात.

दुसऱ्या पानावर तू पुन्हा तेच विचारलं आहेस. ‘मावशी, तू तर भोंग्याच्याच ऑफिसात आहेस. बाकी काही सांगू नकोस. वाजला का? हो की नाही?’

हो. वाजला होता.

याहून जास्त मला सांगता येत नाही. स्पर्धेला पाणी पिऊन उभी राहा. घसा कोरडा पडला की तू भरभर बोलतेस.

तुझी,
मावशी


२६ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण ते मला माहीत आहे.

मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा तू म्हणालीस, “अगं, काय लिहिलंस तू तिला?” मी म्हणाले, “तिने विचारलं, त्याचं उत्तर.” तू म्हणालीस, “आणि तेवढंच?” आणि तू फोन ठेवलास. ते ‘तेवढंच’ किती होतं, ते आज लिहिते. पत्र लांब होईल. बसून वाच. ती घरात नसताना वाच.

स्पर्धेत काय झालं ते तू सांगितलंस, तेच पुन्हा लिहिते, म्हणजे मला नीट कळलं आहे की नाही ते तुला दिसेल. समोरच्या मुलाने तिला टोमणा मारला की तुझ्या बाबांना भोंगा सुद्धा ऐकू येत नव्हता, तू कशाला नावांच्या गप्पा मारतेस. बाई त्याला गप्प करायला उठल्या. त्याआधीच भिंगरी म्हणाली, “मावशीने लिहून दिलंय, भोंगा वाजला होता. ते उठले नाहीत.” आणि मग तिने उरलेलं भाषण न चुकता पूर्ण केलं. घरी येऊन तिने भावोजींचा फोटो टेबलावरून काढला आणि कपाटात कपड्यांच्या खाली ठेवला. रडली नाही. ते तिने माझ्याकडून उचललं आहे. वाईट गुण आहे.

आता माझं.

आमच्या खाणीचा कडा ठिसूळ, पापुद्र्यांच्या दगडाचा आहे. असा दगड आधी केसाहून बारीक हलतो आणि मग एकदम येतो. म्हणून कड्यात झुकाव मोजणारी यंत्रं पुरली आहेत. ती इतकी नाजूक आहेत की चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने जमीन दिवसातून दोनदा किंचित वरखाली होते, तेही त्यांना कळतं. समुद्राला भरती येते तशीच, पण जमिनीला. संगणक आधी ही ओढ आकड्यांतून वजा करतो. उरतं ते कड्याचं स्वतःचं हलणं. ते ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की भोंगा आपोआप वाजतो आणि खालच्या माणसांनी काम टाकून वरच्या पांढऱ्या रेघेपर्यंत चालत यायचं. भावोजींना पंपघरात नोकरी लागली तेव्हा तू घाबरली होतीस. “तिथे धोका नाही, भोंगा माझ्या हातात आहे,” असं तुला सांगणारी मी होते. आठवत असेल.

ओढ मोजायला संगणकाला आकाशातल्या गोलांची यादी लागते. आमच्याकडची यादी कुणीतरी कुठूनतरी उतरवलेली, ढिसाळ होती. नको ते शेकडो चंद्र त्यात होते आणि मध्येमध्ये मथळ्याच्या ओळीही घुसल्या होत्या. नाव: ग्रह, प्रकार: ग्रह. नाव: धूमकेतू, प्रकार: धूमकेतू. असल्या ओळींनी हिशेब अडायचा. २५ जूनला मी एक नियम लिहिला. ज्या ओळीत नाव आणि प्रकार एकच असेल, ती मथळ्याची समजून काढून टाकायची. सात ओळी गेल्या. मी त्या सात ओळी डोळ्यांनी पाहिल्या नाहीत. त्यातल्या सहा मथळ्याच्या होत्या.

सातवी होती, नाव: चंद्र, प्रकार: चंद्र.

गुरूचे राहिले, शनीचे राहिले. ज्यांची ओढ आमच्या कड्याला जाणवणारही नाही, ते सगळे दगड आपापल्या नावानिशी राहिले. आपला गेला.

त्या दिवशी चंद्र पृथ्वीपासून नेहमीपेक्षा लांब होता. तेव्हा ओढ कमी असते, म्हणून पाच दिवस काहीच बिघडलं नाही आणि पुढचं जे झालं, ते मी त्या नियमाशी जोडलं नाही. सहाव्या दिवशी भोंगा वाजला. मग रोज दोनदा. वजा न झालेली चंद्राची ओढ संगणकाला कड्याची हालचाल वाटत होती. प्रत्येक वेळी काम बंद, माणसं वर, तासाभराने पुन्हा खाली. चौथ्या दिवसापासून लोक वर येईनासे झाले. आमचे साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “बाई, तो भोंगा आहे की रडकं पोर? काहीतरी करा त्याचं.”

दरवेळी वर येणारे एकटे भावोजी. गुडघा दुखत असतानाही. दोनशे बारा पायऱ्या. रेघेपाशी पोचले की मला फोन करायचे, “तुझ्या सासूने बोलावलं, आलो बघ.” लग्नाआधीच मला सासू मिळाली असं ते सगळ्यांना सांगत. भोंग्याला ते दुसरं काही म्हणतच नसत.

ताई, पुढचं मी समितीलाही सांगितलं नव्हतं आणि तुलाही नाही.

५ जुलैला दुपारी त्यांचा फोन आला. पंपाच्या नोंदवहीत ते भोंग्याच्या वेळाही लिहून ठेवत होते, त्यांना कुणी सांगितलं नसताना. म्हणाले, “एक गंमत सांगू? तुझी सासू रोज पन्नास मिनिटं उशिरा येते. सात दहा, आठ, आठ पन्नास, नऊ चाळीस. चंद्र असा उशिरा उशिरा उगवतो ना? बघ बाई, तुमच्यात कुठे चंद्राचं लफडं नाही ना.”

मी म्हणाले, “भावोजी, तुम्ही पंप बघा.”

ते हसले. त्यांना राग आला नाही. “बरं बाई, पंप बघतो,” म्हणाले.

दिवसाला पन्नास मिनिटांचा उशीर कशाचा असतो, हे मला शाळेपासून माहीत आहे. त्यासाठी नोकरीही आहे. सहा दिवसांच्या नोंदी समोर होत्या आणि मला तो आकडा दिसला नाही, कारण मी बिघाड यंत्रांत शोधत होते, ओलाव्यात, तारांत. आमच्या यादीत चंद्र नसेल, असं मनात येणं शक्य नव्हतं. तो असतोच. त्यांनी तो आकडा माझ्या हातात दिला आणि पंप बघणाऱ्या माणसाकडून तो घ्यायला मी तयार नव्हते. याला दुसरं कारण नाही. मी शोधून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भोंग्याची मर्यादा दुप्पट केली. तात्पुरती, कारण सापडेपर्यंत. साहेबांनी तोंडी होकार दिला, कागद झाला नाही. मी भावोजींना फोन करून सांगितलं, “आता उगाच वाजणार नाही. वाजला तर मात्र खरा समजा.” ते म्हणाले, “वा! म्हणजे चहा गरम प्यायला मिळणार.”

भोंगा अकरा दिवस गप्प होता. सगळे खूश होते. मी कारण शोधण्याचं काम पुढे ढकललं.

१७ जुलैला कडा खरंच हलला. जुन्या मर्यादेबाहेर तो सकाळी दहा सतराला गेला. मी ठेवलेल्या मर्यादेबाहेर गेला, तेव्हा दहा पन्नास झाले होते. भोंगा वाजला आणि चाळीस सेकंदांनी दरड खाली आली. त्या बाजूला खाली ते एकटेच होते आणि त्यांना वर यायला सहा मिनिटं लागत. मर्यादा मी हलवली नसती तर त्यांना तेहतीस मिनिटं मिळाली असती.

मी भिंगरीला ‘हो, वाजला होता’ असं लिहिलं, ते खरं आहे. त्या खऱ्याच्या आड मी दोन महिने उभी आहे. समितीने माझ्याकडे आलेख मागितला, मी दिला. त्यावर छापील मर्यादेची रेघ होती, म्हणजे जुनी. आलेख ती रेघ दहा सतराला ओलांडतो. त्यावरून समितीने धरलं की भोंगा दहा सतराला वाजला. खाणीवरच्या माणसांनीही शपथेवर सांगितलं की वाजला होता, कारण त्यांनी तो ऐकलाच होता, फक्त किती वाजता ते कुणी पाहिलं नव्हतं आणि दरडीच्या किती आधी, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मग अहवालाच्या मसुद्यात वाक्य आलं, ‘पंपचालकाने अर्धा तास इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले.’ मी तो मसुदा २९ ऑगस्टला वाचला. मला कुणी विचारलं नाही की भोंगा त्या दिवशी कुठल्या मर्यादेवर लावलेला होता. मी खोटं बोलले नाही. विचारलं तेवढं सांगत गेले. हे मी किती वेळा मनाशी म्हटलं असेल, ते मोजलेलं नाही.

यादीतली चूक मला अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी सापडली. ऑफिसात दुपारची वेळ होती, शेजारच्या टेबलावर कुणीतरी पेरू कापत होतं. मी भावोजींच्या त्या वेळा एका कागदावर एकाखाली एक मांडल्या आणि यादी उघडली. शोधायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

परवा मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, “हे बघा, यात तुमचा काय दोष? चंद्राला धड नावच नाही, तर यंत्र तरी काय करणार? आपण लिहू, यादीतील नावांच्या विसंगतीमुळे.” ते माझ्या भल्याचं बोलत होते आणि थोडंसं स्वतःच्याही. मी म्हणाले, चंद्राला वेगळं नाव नाही हे चारशे वर्षं चालू आहे, त्याने आजवर आमच्या खाणीत कुणी मेलं नव्हतं. ताई, तुझ्या मुलीचा हजेरीचा मुद्दा बरोबर आहे, त्याला नाव असतं तर तो माझ्या नियमातून वाचला असता. पण नियम मी लिहिला, सात ओळी मी पाहिल्या नाहीत, मर्यादा मी हलवली आणि ज्याने बरोबर सांगितलं त्याला मी पंप बघायला सांगितलं. यातलं एकही काम चंद्राचं नाही.

आज सकाळी साडेनऊला मी समितीकडे लेखी निवेदन दिलं. चार पानं. पोचपावती घेतली. सोबत जुनी यादी, मर्यादा बदलल्याची संगणकातली नोंद आणि पंपाच्या नोंदवहीचं ते पान. ती वही पंपघरात गाडली गेली. ५ तारखेला त्यांनी पानाचा फोटो काढून मला पाठवला होता, म्हणून ते पान आहे. निवेदनाची प्रत या पाकिटात आहे. सोमवारी सुनावणी आहे. माझी नोकरी राहणार नाही आणि पुढे काय होईल ते मी तुला सांगू शकत नाही, कारण मला माहीत नाही. भिंगरीने ते शाळेतून ऐकू नये. सोमवारच्या आत तिला कळायला हवं.

काय सांगायचं ते तू ठरव. माझ्याबद्दल तुला वाटेल ते सांग, मी हरकत घेणार नाही. पण भावोजींबद्दल एक गोष्ट मोजलेली आहे आणि ती कुणाला नाकारता येणार नाही, म्हणून इथे नीट लिहिते. बचाव पथकाच्या नोंदीत तेविसाव्या क्रमांकावर त्यांचा चष्मा आहे. तो पंपघरात सापडला नाही. पायऱ्यांच्या वाटेवर, खालून एकोणिसाव्या पायरीवर, ढिगाऱ्याखाली सापडला. समितीने ‘दरडीबरोबर वाहून आला’ असं धरलं. दरड वरून खाली येते. खालच्या पंपघरातली वस्तू ती एकोणीस पायऱ्या वर नेऊन ठेवत नाही. म्हणजे भोंगा वाजला तेव्हा ते जागे होते, त्यांनी तो ऐकला, तो खरा मानला आणि हातातलं टाकून ते निघाले. चाळीस सेकंदांत, त्या गुडघ्याने, निदान एकोणीस पायऱ्या ते चढले होते.

हे तिला मी सांगणार नाही. माझ्या तोंडचं खरं तिने एकदा ऐकलं आहे. तू सांग.

मी यावं की येऊ नये, ते कळव. कळवलं नाहीस तर ते उत्तर समजेन आणि पुन्हा विचारणार नाही.

तुझी बहीण,
ही एवढी एकच गोष्ट बदलता येत नाही म्हणून लिहिते.